'देऊन टाकली' म्हणू नका

गेल्या गणपतीपासून आमच्या मंडळात माझी एक नवी ओळख तयार झाली आहे. "त्याच ना, ज्यांनी कुत्री देऊन टाकली?" आरतीच्या रांगेत, पॉटलकच्या टेबलाशी, नाटकाच्या तालमीला, सगळीकडे. संपादकांनी स्मरणिकेसाठी "काहीतरी हलकंफुलकं" मागितलं होतं. हलकं पुढच्या वर्षी देईन. यंदा मला भांडायचं आहे.

ज्यांना आमच्या घरचा गोतावळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे लॅब्राडॉर आहेत. म्हातारा मोती, सहा वर्षांची तारा, वर्षाची बिजली आणि गेल्या जुलैपर्यंत अडीच वर्षांची रेवा. रेवा ताराच्या सात पिल्लांपैकी एक. सहा पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर चांगल्या घरी गेली. ठेवून घेतली ती रेवा, कारण तिची पाठ, खांदा, डोकं, चाल, सगळं आईपेक्षा सरस होतं. माझी चौदा वर्षांची मुलगी तिला रिंगणात फिरवायची. अकरा गुण झाले होते. अमेरिकन केनेल क्लबच्या शोमध्ये चॅम्पियन व्हायला पंधरा गुण लागतात आणि त्यात निरनिराळ्या परीक्षकांकडून मिळालेले दोन 'मेजर' असावे लागतात. एक मेजर झालेला होता. म्हणजे किनारा दिसत होता.

आपल्यापैकी बहुतेकांचा असा समज आहे की कुत्र्यांचा शो म्हणजे फॅन्सी ड्रेस. अंघोळ घाला, केस विंचरा, पळवा, रिबन घ्या. तसं नाही मंडळी. परीक्षक हात लावून बघतो तो सांगाडा, आणि मनात प्रश्न एकच असतो की या प्राण्याची पुढची पिढी कशी निघेल. म्हणूनच नसबंदी झालेल्या कुत्र्याला त्या नेहमीच्या रिंगणात प्रवेश नसतो. हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

रेवा दोन वर्षांची झाल्यावर आम्ही तिच्या खुब्यांचे एक्स-रे काढून ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्सकडे पाठवले. ही संस्था १९६६ पासून हेच काम करते आणि चोवीस महिने पूर्ण झाल्याशिवाय खुब्यांचा पक्का दाखला देत नाही. सात श्रेण्या आहेत. वरच्या तीन म्हणजे पास, मधली काठावरची, खालच्या तीन म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही. रेवाची श्रेणी आली 'माइल्ड', खालच्या तिघींतली सर्वांत सौम्य. ती धावते, पोहते, सोफ्यावर उडी मारते (मारू नये, पण मारते). तिला आज काही दुखत नाही. ताराचे खुबे उत्तम, बापाचेही उत्तम, तरी हे झालं. हा दोष एका जनुकाचा नसतो, अनेकांचा मिळून असतो, त्यात खाणंपिणं, वजन यांचाही हात असतो. आईबाप निर्दोष असूनही एखादं पिल्लू असं निघतं.

आता पहिला कंपू. शोमधली आमची ओळखीची मंडळी, सगळी गोरी, सगळी प्रेमळ. त्यांचा सल्ला असा की माइल्ड म्हणजे काही नव्हे, चांगल्या खुब्यांच्या नराशी जुळवा, एक वेत घ्या, निकाल जाहीर करायची सक्ती थोडीच आहे! खरंच नाही. फॉर्मवर एका चौकोनात सही केली तरच वाईट निकाल लोकांना दिसतो. आम्ही ती सही केली. रेवाच्या सहा भावंडांच्या मालकांना कळवलं आणि त्यांचेही एक्स-रे काढायला सांगितलं. ताराचं ठरलेलं पुढचं वेत रद्द केलं. मग रेवाचं ऑपरेशन केलं. तिचे उरलेले चार गुण तसेच राहिले. हे सगळं मंडळात कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "का हो, उपयोग संपला म्हणून दिलीत ना?"

'उपयोग' हा शब्द मला चांगला ठाऊक आहे. माझ्या आजोळी, वाईजवळच्या गावात, गाय भाकड झाली की आठवड्याच्या बाजाराला जायची. घेणारा कोण, नेणार कुठे, हे विचारायची रीत नव्हती. विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. माझ्या आजोबांना त्यावरून कुणी निष्ठुर म्हटलं नाही. तेव्हा उपयोग संपला म्हणून देणं कसं दिसतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

रेवाला द्यायचं की ठेवायचं, या प्रश्नावर आमच्या घरात पाच महिने गेले. तुम्ही म्हणता, ठेवायची, चार कुत्री तिथे चार. बरं, मग तिचा शनिवार कसा जातो ते ऐका. वर्षातले वीस-बावीस वीकएंड आम्ही शोला जातो, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, कधी त्याहून लांब. पहाटे साडेचारला व्हॅन भरायची. पूर्वी रेवा उडी मारून आत बसायची. ऑपरेशननंतर व्हॅनमध्ये बिजली जायला लागली. रेवा दाराच्या काचेशी. दिवसभर मोतीबरोबर घरात, दुपारी पैसे देऊन बोलावलेली कॉलेजची मुलगी येऊन फिरवणार, रात्री नऊला आम्ही थकून परत. सोमवार ते शुक्रवार दोघांच्या नोकऱ्या. शिवाय वयात आलेल्या दोन माद्या एका घरात. बिजली आणि रेवा दोनदा कडाडून भांडल्या, दुसऱ्या वेळी रेवाच्या कानाला चार टाके पडले. त्यानंतर एक बाहेर तर दुसरी पिंजऱ्यात, असे आळीपाळीचे दिवस सुरू झाले. अडीच वर्षांची लॅब्राडॉर पुढे नऊ-दहा वर्षं जगायची आहे. त्यातले निम्मे दिवस तिने पिंजऱ्यात काढायचे, कशासाठी? तर आम्ही प्रेमळ दिसावं म्हणून?

"मुलगी सासरी पाठवतात तसं समजा," असं एका काकूंनी मला समजावलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण नाही हो काकू. मुलगी फोन करते, सणाला येते, पटलं नाही तर परत येते. कुत्र्याच्या बाबतीत हे सगळं आधीच आपणच लिहून ठेवावं लागतं. आम्ही ठेवलं. करारात पहिलंच कलम असं की कोणत्याही कारणाने, कधीही, सांभाळणं जमेनासं झालं तर रेवा शेल्टरला नव्हे, आमच्याकडे येईल. तिच्या कातडीखालच्या मायक्रोचिपवर दुसरं नाव आमचं आहे. एक महिना चाचणीचा. मी त्या घरी आधी दोनदा जाऊन आले, कुंपण हलवून पाहिलं. पैसे किती घेतले? एक सेंट नाही.

आणि आता तो खरा राग, जो कुणी तोंडावर काढत नाही. "आपल्या माणसांना सोडून अमेरिकनांना दिली."

हो, दिली. आपल्या तीन कुटुंबांनी मागितली होती. नावं सांगत नाही, त्यांना आपली आपल्याला कळतील. पहिल्यांना मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती सोबत हवी होती आणि डिसेंबरात सहा आठवडे पुण्याला जाताना "तुमच्याकडे ठेवूच की". दुसरे दोघेही सकाळी सातला घर सोडतात, संध्याकाळी सातला येतात, आणि राहतात तिसऱ्या मजल्यावर. जिने चढणं-उतरणं, तेही या खुब्यांनी! तिसऱ्यांना ऑपरेशनच्या आधी हवी होती, एक वेत काढून भावाला, मेहुण्याला पिल्लू द्यायला. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला जे म्हणायचं ते गणपतीत म्हटलं.

शिवाय आपलं खाऊ घालणं! आपल्याकडे प्रेम वाटीने मोजतात. "एवढासा शिरा खाऊ दे हो, देवाचा प्रसाद आहे." त्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, भजीतला कांदा त्याच्या रक्ताला. हे मी मंडळाच्या पिकनिकला दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी टेबलाखालून हात घालतं. रेवाच्या बाबतीत तर वजन हेच औषध. लॅब्राडॉरच्या अठ्ठेचाळीस पिल्लांवर झालेला एक दीर्घ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोड्या लावल्या, एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा झिजले. म्हणून मी जोडपं निवडलं ते असं: वय साठीच्या पुढे, दोघंही निवृत्त, एकमजली घर, मागे मोठं अंगण, आमच्यापासून पस्तीस मिनिटांवर. बाई पूर्वी नर्स होत्या. अन्न तोलायला त्यांच्याकडे आधीपासूनच काटा होता. मला आणखी काही विचारावं लागलं नाही. रेवाचं वजन त्या दर पहिल्या तारखेला कळवतात, गेल्या वेळी एकसष्ट पौंड. दिवसभरात तीन फेऱ्या, घरात दुसरं कुत्रं नाही. रेवा त्यांच्या पलंगावर झोपते, जे आमच्याकडे तिला कधीच मिळालं नव्हतं.

"पण तिला तुमची आठवण येत असेल." आली. पहिला आठवडा ती दाराशी बसली, जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या आठवड्यात जेवली. तिसऱ्यात आम्ही गेलो तेव्हा शेपटी हलवत आली, सगळ्यांना हुंगलं, आणि परत जाऊन बाईंच्या पायाशी बसली. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही, पण निर्णय बदलावा असं वाटलं नाही.

एकाच आक्षेपाला मी मान देते आणि तो मंडळातला नाही, घरातला आहे. माझी मुलगी म्हणाली, "आई, रेवाला वेळ नाही म्हणतेस, मग शो बंद कर ना." तिने या कुत्रीला दोन वर्षं दोरीच्या टोकाशी सांभाळलं, त्यामुळे तिला विचारायचा हक्क आहे. मी तिला खरं उत्तर दिलं. शो मला हवे आहेत. या जातीची धडधाकट कुत्री पुढे राहावीत म्हणून कुणीतरी एक्स-रे काढत, निकाल उघड करत, नको तिथे वेत थांबवत हे काम करायला हवं, आणि ते मला जमतं. यात रेवाच्या वाट्याला जे आलं ते तिने निवडलेलं नव्हतं, हेही मी तिला सांगितलं. मुलीला पटलं नाही. ती आता बिजलीला रिंगणात नेत नाही, मीच नेते. दर दुसऱ्या रविवारी मी तिला रेवाकडे सोडते, ती तासभर नखं कापते, अंग विंचरते आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी फारसं बोलत नाही. हे आमचं मायलेकींचं भांडण आहे, ते चालू राहील. मंडळाने त्यात पडू नये, आणि पिकनिकला टेबलाखाली हात घालू नये.