शेपटाचा पुरावा

मोबाईलवर चलन आलं की आमच्या घरात 'कितीचं?' असं विचारतात. 'कशाचं?' हे कुणी विचारत नाही, कारण माझ्या स्कूटरबद्दल आणि ती चालवणाऱ्याबद्दल घरच्यांचं मत फार पूर्वीच ठरलेलं आहे. तर या वेळी पाचशेचं होतं, सिग्नलची स्टॉप लाइन ओलांडल्याचं.

प्रकार एवढाच. संध्याकाळी सातच्या सुमारास चौकात पिवळा दिवा लागला, मी वेग कमी केला आणि दुभाजकाच्या फटीतून एक तांबडं कुत्रं थेट चाकासमोर आलं. मी हँडल डावीकडे मारलं. कुत्रं वाचलं, मी वाचलो, मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला आणि स्कूटर तिरकी होऊन झेब्रा पट्ट्यांवर उभी राहिली. तेवढ्यात लाल दिवा लागला आणि खांबावरच्या कॅमेऱ्याने डाव साधला. फोटो उत्तम आलाय. नंबर प्लेट स्वच्छ, पट्टे स्वच्छ, डोक्यावर हेल्मेट (याची दखल कुणीही घेतलेली नाही), पोट हवं त्याहून जास्त स्पष्ट. कुत्रं मात्र नाही. उजव्या कडेला तांबूस काहीतरी दिसतं. माझ्या मते ते शेपूट आहे. घरच्यांच्या मते पिशवी.

'पाचशे भर आणि मोकळा हो' हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की या शहरात आपण निर्दोष आहोत असं वाटणारा मी एकटाच असावा. वास्तविक चलन म्हणजे शिक्षा नव्हे, आरोप. तो कबूल करायचा तर दंड भरायचा, नाकबूल असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे जायचं. कॅमेऱ्याच्या चलनाला नियमही आहेत: मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला, त्यानुसार सूचना पंधरा दिवसांत पाठवावी लागते, फोटोत गाडीचा नंबर, जागा, तारीख आणि वेळ लागते, 'इथे कॅमेरा आहे' अशी पाटीही लागते. माझ्या बाबतीत हे सगळं होतं. कुत्रं फोटोत असलं पाहिजे असं मात्र त्या नियमात कुठेही म्हटलेलं नाही.

तक्रार ऑनलाइन करता येते. तिथे कारणं आधीच छापलेली असतात आणि त्यांतलं एक निवडायचं असतं. गाडी माझी नाही, नंबर चुकला, वगैरे. गाडी माझीच होती आणि नंबरही बरोबर होता. मी 'इतर' निवडलं. 'इतर'मध्ये लिहायला जेवढी जागा होती ती पिवळ्या दिव्याच्या वर्णनातच संपली, शेपटापर्यंत पोचताच आलं नाही. उत्तर आलं: छायाचित्रात उल्लंघन स्पष्ट दिसते, तक्रार अमान्य.

मग वकील मित्राला गाठलं. तो फौजदारी करतो, त्यामुळे पाचशे रुपयांचं प्रकरण ऐकून त्याला थोडं वाईट वाटलं, पण चहा माझा होता. "अरे, तुझी केस कायद्यात आहे," तो म्हणाला. "फक्त तू जहाजाचा कप्तान पाहिजेस." आणि खरोखरच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८१, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९. मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. त्याखाली उदाहरण दिलंय: एका कप्तानाच्या जहाजासमोर, त्याची काही चूक नसताना, वीस-तीस माणसांची होडी येते. थांबायला वेळ नाही. वळवलं तर दुसऱ्या, दोनच माणसं असलेल्या होडीला धडक बसण्याचा धोका आहे. त्याने वळवलं तर तो गुन्हेगार नाही. दीडशेहून अधिक वर्षं तो कप्तान जहाज वळवतोय. संहिता बदलली, त्याची नोकरी तशीच राहिली. आणि त्याच्या समुद्रात खांब नाहीत.

"मग कुत्र्याला होडी धरायचं का?" मी विचारलं. मित्र म्हणाला की, कुत्र्याचं काय धरायचं यावर उच्च न्यायालयात वाद झालेला आहे. २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली आडवं आलेलं कुत्रं मेलं. तो स्वतःही पडला. पोलिसांनी बेदरकार वाहन चालवण्याची, जिवाला धोका केल्याची कलमं लावली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. ती कलमं माणसांसाठी आहेत, कुत्रं हे माणूस नव्हे, असं सांगितलं. वर सरकारने त्या मुलाला वीस हजार द्यावेत आणि ते संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करावेत, असाही आदेश दिला.

बरं, वळण्याऐवजी करकचून ब्रेक दाबला असता तर? महामार्गावर इशारा न देता एकदम गाडी थांबवणं हा निष्काळजीपणा, असं २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. त्या चालकाने गरोदर पत्नीला मळमळत होतं असं कारण दिलं होतं. तेही चाललं नाही. आमचा चौक महामार्ग नाही हे मान्य, पण मागचा रिक्षावाला तो महामार्गच समजतो. थोडक्यात, कुत्र्याच्या अंगावर जा, तर गुन्हा टिकत नाही. त्याला वाचवा, तर पाचशे रुपये. यात कोणाचं डोकं फिरलंय ते मी अजून ठरवलेलं नाही. पण उद्या तेच कुत्रं समोर आलं तर मी पुन्हा डावीकडेच वळणार, हे इथे छापून ठेवतो.

"साक्षीदार आण," मित्राने शेवटी सांगितलं. "निदान कुत्रं होतं एवढं तरी सिद्ध कर."

इथून चलन मागे पडलं आणि कुत्रं पुढे आलं.

चौकातल्या टपरीवाल्याने सगळं पाहिलं होतं. "काका, तुम्ही शेऱ्याला वाचवलंत!" असं म्हणून त्याने मला फुकट चहा पाजला. लेखी द्यायचं म्हटल्यावर मात्र टपरीच्या परवान्याचा विषय निघाला आणि तो एकदम भांडी विसळायला लागला. समोरच्या इमारतीच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, शेरा कुठला, तो आमचा टायगर. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो, तेव्हा कळलं की तो ब्रूनो आहे, त्याच्या कानाला खाच आहे म्हणजे नसबंदी झालेली आहे, त्याला शेंगदाणे चालत नाहीत आणि तो स्वभावाने मानी आहे.

तिघांच्या बोलण्यातून हळूहळू एक वेळापत्रक उलगडलं. हा प्राणी दिवसभर टपरीखाली ग्लुकोजच्या बिस्किटांवर असतो. संध्याकाळी सात वाजता रस्ता ओलांडून काकूंच्या फाटकाशी जातो, कारण सात वाजता तिथे दहीभात असतो. म्हणजे माझ्या चलनाचं मूळ दहीभातात आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालायची जागा सोसायटीने ठरवावी, ती जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर असावी, असं आहे. हे मी काकूंना नम्रपणे सांगितलं. भात टपरीच्या बाजूला ठेवलात तर त्याला रस्ता ओलांडावाच लागणार नाही, असंही सुचवलं.

"अहो, तिकडे तो शेरा असतो," काकू म्हणाल्या. "इकडे माझा असतो."

यावर कोणत्याही न्यायालयात युक्तिवाद नाही. वॉचमनने मान हलवली, ती कुणाच्या बाजूने हे कळलं नाही. काकूंनी उलट मलाच विचारलं की, सात वाजता तुम्ही त्या चौकातून जाताच कशाला? गल्लीतून जाता येत नाही का?

तरीही त्या साक्ष द्यायला तयार आहेत. ब्रूनोच्या वेळापत्रकासह सहीनिशी लिहून देणार आहेत, शेपटाचे निरनिराळ्या कोनांतले फोटोही जोडणार आहेत. अट एकच. शनिवारी त्याला रेबीजची लस टोचायची आहे, आणि मागच्या वेळी ज्यांनी त्याला धरलं होतं त्यांनी पुन्हा धरायला साफ नकार दिलाय. तेव्हा धरायचं काम माझ्याकडे.

वकील मित्राला कळवलं. तो म्हणाला, जाच. चावला तर दवाखान्याचा कागद नीट जपून ठेव, त्यावर 'कुत्रा' असं स्पष्ट लिहून घे.