जुन्या घराचा रंग : आधी भिंत, मग रंगारी

अहिल्यानगरच्या कापड बाजारामागील एका जुन्या वाड्यात तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या व्यापारी कुटुंबाने वहीपूजनापूर्वी घर रंगवून घेण्याचे ठरविले. तीन रंगाऱ्यांकडून दर मागविले आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिले. पंधरा दिवसांत भिंती आरशासारख्या झाल्या. दिवाळीला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केले. पुढील पावसाळा सरता सरता मात्र माजघराच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत फोड आले, पोपडे सुटले आणि त्यांखाली पांढरा लोणा दिसू लागला. रंगाऱ्यास बोलाविले तेव्हा तो म्हणाला, "शेठजी, रंग चांगल्या कंपनीचाच होता. तुमची भिंतच ओली आहे."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु काम देताना भिंतीची चौकशी घरमालकाने केली नाही आणि काम घेताना रंगाऱ्यानेही केली नाही. दराची चौकशी तेवढी तिघांकडे झाली होती.

दाळमंडई, आडते बाजार, कापड बाजार या भागांतील जुनी घरे काळ्या दगडाच्या जोत्यावर, विटा किंवा पांढरी माती आणि चुन्याचा गिलावा यांनी उभी राहिली. त्या काळी जोत्यात ओल अडविणारा थर घालण्याची पद्धत नव्हती. जमिनीतील ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते आणि चुन्याच्या सच्छिद्र पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते. चुन्याला पाण्याशी जुळवून घेता येते, याची साक्ष शहराजवळचा फराहबाग देतो. निजामशाहीतील हा महाल एके काळी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला होता. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक रंगाचा जाड थर चढविला की वाट बंद होते. कोंडलेली ओल मग रंगालाच ढकलून बाहेर पडते.

म्हणून जुन्या घरासाठी रंगारी निवडताना तो पहिला प्रश्न कोणता विचारतो, याकडे लक्ष द्यावे. "किती चौरस फूट?" हा प्रश्न नंतरचा. जो भिंत ठोकून पोकळ गिलावा शोधतो, हात फिरवून चुना सुटतो का पाहतो, मोरी, पन्हळ आणि कौले कोठे गळतात हे विचारतो, तो जाणकार. एक सोपी परीक्षा घरीही करता येते. हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस भिंतीवर ठेवावा. आतल्या बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. तिचे कारण दूर करून भिंत वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये. दिवाळीची घाई समजण्यासारखी आहे. तथापि पावसाळ्याची ओल तेव्हा पुरती गेलेली नसते. माघ-फाल्गुनात काम काढल्यास भिंत कोरडी मिळते, आणि अक्षय तृतीयेला घरी वर्षीतपाचे पारणे असेल तर तोवर घरही सिद्ध होते.

दराचा हिशोबही नीट मांडावा. घराच्या भिंती ३,००० चौरस फूट असतील आणि दोन दरांत २ रुपयांचा फरक असेल, तर बचत ६,००० रुपयांची. काम फसल्यास खरवडणे, साहित्य आणि मजुरी यांचा संपूर्ण खर्च पुन्हा करावा लागतो. काम उक्ते की रोजंदारीवर, साहित्य कोणाचे, खरवडणे दरात धरले आहे का, रंगाचे हात किती, दारे-खिडक्यांचे माप वजा होणार का, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. बँक बांधकामाचे कर्ज टप्प्याटप्प्याने देते. तोच नियम येथे लावावा : विसार थोडा, खरवडून अस्तर झाल्यावर एक हप्ता, पहिल्या हातानंतर दुसरा, आणि काही भाग काम तपासून. मात्र देय झालेली रक्कम त्याच दिवशी द्यावी. रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्यास "उद्या या" म्हणणे व्यापाराच्या नीतीत बसत नाही.

आता अधिक गंभीर गोष्ट. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे असू शकते, आणि जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर असे अनेक थर साचलेले असतात. ते कोरडे घासले की विषारी धूळ उडते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे कायमची इजा करते. त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. म्हणून जुना तैलरंग पाणी मारून ओलाच खरवडावा, जाळू नये, खाली प्लास्टिक अंथरावे, पोपडे गोळा करावेत आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. त्या दिवसांत बालके व गर्भवती स्त्रिया घरात नसाव्यात. रंगाऱ्यास चांगला मुखपट्टा घरमालकाने द्यावा. मुंगीला जपणाऱ्या घरात शिडीवरील माणसाच्या फुप्फुसांचा विचार सुटता कामा नये.

साहित्यातही विवेक हवा. चिकटपणासाठी मिसळला जाणारा सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतो. त्याऐवजी झाडाचा डिंक वापरता येतो. चपड्याचे पॉलिश लाखेचे, आणि लाख मिळविताना असंख्य कीटक मरतात. लाकडाला जवसाचे तेल चालते. केसांचे ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे ब्रश सहज मिळतात. कडीपाटात चिमणीचे घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत तो खण राहू द्यावा.

त्या कुटुंबाने पुढे एका वयस्क रंगाऱ्यास बोलाविले. त्याचा दर अधिक होता. पहिल्या दिवशी त्याने ब्रश हातीच घेतला नाही. भिंतीमागील मोरीचा फुटका नळ शोधून दिला, आणि माजघराची ती भिंत खरवडून उघडी ठेवण्यास सांगितले. मुलाचा विवाह दोन महिन्यांवर आला होता. "पाहुणे काय म्हणतील?" असे घरातील ज्येष्ठांनी विचारले. तो म्हणाला, "बाबूजी, आत्ता लावला तर पैसे मला मिळतील, रंग तुम्हाला मिळणार नाही."

विवाह झाला. माजघराची एक भिंत तेव्हा बिनरंगाची होती. वैशाखात ती वाळली आणि मग तिला चुन्याचे तीन हात देण्यात आले.