आम्हांला वजीर नको

खो-खोत ‘वजीर’ आणण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना बुद्धिबळ उत्तम येत असेल. खो-खोचे मर्म मात्र त्यांच्या हाती लागलेले नाही. हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो, असे कुणी विचारील. माझा अधिकार काहीच नाही. आमचे घर क्रिकेटचे. अधिकार आहे तो आमच्या आत्याचा. साठ सालानंतरची तीनचार वर्षे ती मिरजेला शाळेच्या संघातून खेळली. लग्न झाले आणि खेळ सुटला तो सुटलाच. २०२२ च्या ऑगस्टात पुण्याला बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ लीगचा पहिला हंगाम भरला, तेव्हा पंचाहत्तरीची आत्या मला म्हणाली, “तुला त्यातले काही कळायचे नाही. पण गाडी तुलाच चालवता येते, तेव्हा चल.”

गेलो. पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की निघाली आणि तिच्याबरोबर पहिला धडा. “पळणाऱ्याकडे सगळेच बघतात. तू बसलेल्यांकडे बघ.”

मी बघू लागलो. दोन खांबांमधल्या पाटीवर एकाआड एक उलट तोंडे करून गडी बसलेले. चवड्यांवर भार, बोटे जमिनीला, कान पाठीमागे. आत्या म्हणाली, “बसलेला गडी पाठीने बघतो.” पळणाऱ्याने कोणत्याही दोघांमधून निसटावे, त्याला मोकळीक आहे. पाठलाग करणाऱ्याला ती नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडीपर्यंत मागे वळायचे नाही, आणि मधली पाटी तर ओलांडायचीच नाही. मग पळणारा पलीकडे गेला तर काय करायचे? पलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर थाप मारायची, ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे. खेळाला नाव मिळाले ते या एका अक्षरावरून. पळण्यावरून नाही की शिवण्यावरून नाही. पळणाऱ्याची सगळी कला, ती साखळी, ते हुलकावणे, ते ऐन वेळी खांबाशी गिरकी घेणे, या एका बंधनावर उभी आहे. पाठीमागचा वळू शकत नाही, हे त्याला ठाऊक असते.

इतके समजले आणि मी रंगलो. तेवढ्यात एक गडी मजेत मागे वळला आणि त्याने पळणाऱ्याला टिपले. आत्या ताडकन उभी राहिली. “फाउल! फाउल!” मागच्या रांगेतला कॉलेजातला मुलगा अदबीने म्हणाला, “आजी, तो वजीर आहे. त्याला कुठल्याही दिशेने पळता येते.”

आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की मला त्याची दया आली. “अरे, मग बाकीचे कशाला बसलेत?”

माझी तक्रार एवढीच आहे, आणि तिचे उत्तर मला अद्याप कुणी दिलेले नाही. पॉवर प्लेमध्ये तर एकाचे दोन वजीर होतात!

म्हणतात, खेळाला वेग हवा. पापणी लवायच्या आत पाठलाग करणारा बदलतो, त्या खेळाला आणखी कसला वेग हवा? म्हणतात, काळाप्रमाणे नियम बदलतात. बदलोत की! १९१४ साली डेक्कन जिमखान्याने नियम बांधले, ते काही वेद नव्हेत. मातीच्या जागी मॅट आली, ती पाहून आत्या हळहळली. आमच्या वेळी असती तर गुडघे शाबूत राहिले असते, म्हणाली. बराच वेळ टिकणाऱ्या पळणाऱ्यांना ‘ड्रीम रन’चे गुण देतात, तेही तिला पटले, बचाव करणाऱ्याला कधी नव्हे ते काही मिळाले. क्रिकेटवाल्यांनी पन्नासाची वीस षटके केली, पण म्हणून एका लाडक्या फलंदाजाला त्रिफळा उडाल्यावरही खेळत राहा असे सांगितले नाही. खेळ आखडणे वेगळे आणि त्याचा कणा काढून घेणे वेगळे. वजीर आला की उरते ती पकडापकडी. ती आमच्या वाड्यात फुकट चालत असे.

आता कुणी २०२५ चा दाखला देईल. त्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे आणि महिलांनी नेपाळलाच ७८-४० असे हरवले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. आम्हीही घरात पेढे वाटले. पण ही पिढी घडली कशावर? जुन्या नियमांच्या मैदानांवर, मागे वळायची सोय नसताना. पीक कापताना बियाणे कुठले होते ते विसरू नये.

मला धास्ती आहे ती दहा-बारा वर्षांच्या पोरांची. दूरदर्शनवर जे दिसते तेच ती मैदानात करणार. वजीर व्हायला सगळी पुढे येतील. चवड्यांवर ताटकळत, पाठीवरच्या थापेची वाट बघत बसायला कोण तयार होईल? आणि ते शिकवणार कोण? आत्याच्या संघातल्या मैत्रिणी आता चारच उरल्या आहेत.

तेव्हा शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा संघटनांना माझी जाहीर विनंती आहे. लीगला वजीर हवाच असेल तर तिने तो आपल्या दिव्यांच्या झगमगाटात ठेवावा. शालेय आणि जिल्हा स्पर्धांच्या पाटीवर त्याला पाऊल ठेवू देऊ नये. ही तडजोड माझी आहे. आत्या तेवढीही करायला तयार नाही.