ताप पोपटाचा, झाडू आपल्या हाती

मैत्रिणींनो, मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या ‘पोपट-तापा’ची बातमी दिली. डेन्मार्क, जर्मनीसह पाच देशांत रुग्ण वाढले, पाच जण दगावले. नाव पोपटाचं, पण डेन्मार्कमधल्या बऱ्याच रुग्णांचा संबंध आला तो रानपाखरांशी, दाणे घालताना!

वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की हे जंतू फुप्फुसात शिरतात. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. डॉक्सीसायक्लिनसारख्या औषधाने बरा होतो, पण डॉक्टरांना पाखरांचं सुचायला हवं ना! कबुतरांतही हा जंतू असतो आणि गॅलरी झाडतं कोण? आपणच. आधी पाणी शिंपडा, नाकातोंडाला मास्क लावा. तरीही ताप-खोकला आलाच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पाखरांचं आपणहून सांगा.