पसंती नक्की कोणाची?

आमचा भाचा राज्यसेवेच्या गुणवत्ता यादीत आला त्या दिवशी घरात पेढे आले. भांडणे आली ती लोकसेवा आयोगाने पदांचा पसंतीक्रम मागवला तेव्हा.

पोराने पहिल्या क्रमांकावर लिहिले, 'सहायक संचालक, महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा'. मी बी.कॉम. मला भरूनच आले! ताळेबंद जुळला की आनंदणारा मुलगा आमच्या खानदानात माझ्यानंतर हाच.

"लेखा?" ताई किंचाळली. "म्हणजे मामासारखी आकडेमोड?" (बावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर आहे. टोला चहाबरोबर गिळला.) भावजींना उपजिल्हाधिकारीच हवा होता, गाडीवर दिवा म्हणून. म्हटलं, "भावजी, लाल दिवे २०१७ सालीच उतरले." "मग पोलीस उपअधीक्षक. टोपी तर उतरली नाही ना?" शेजारच्या काकूंनी तहसीलदार सुचवला, त्यांच्या पुतणीला तेवढा चालण्यासारखा होता.

आता मला सांगा, हा पसंतीक्रम की वधूपक्षाची यादी? जिल्ह्यात साहेबांचा पगारसुद्धा कोषागारातून बिल पास झाल्याशिवाय निघत नाही. पण ते बिल तपासणाऱ्याला वरातीत कोण विचारतो! त्या खुर्चीत माणूस दिवसभर करतो काय, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायचेही नव्हते. शिपायाने दार उघडले की पुरे.

शिवाय यात एक मेख आहे. गुणवत्तेत जो वर, त्याची पसंती आधी पाहतात. आणि वरच्या पसंतीचे पद मिळाले की खालच्या पसंत्या बाद. म्हणजे नुसत्या शोभेसाठी वर लिहिलेले पद खरोखरच गळ्यात पडू शकते. काहीजण तर नको असलेले पदही 'सध्या असू दे' म्हणून अडवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतात. नको असेल तर भरतीतून बाहेर पडायची सोय आयोगाने ठेवली आहे. पण मिळालेली खुर्ची सोडायची म्हणजे पाप! यादीत खाली ताटकळणाऱ्याच्या घरी काय होत असेल, याची चौकशी कोण करतो?

हे सगळे मी तावातावाने बोललो. ताई म्हणाली, "तू क्लार्कच्या वर का गेला नाहीस, ते आज कळलं."

मुदतीच्या रात्री ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. पोराने लेखा सेवा उचलून चौथ्या क्रमांकावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बटण दाबले. भावजी सकाळपासून टोपीचे माप विचारत होते.