आमची मेल स्पॅममध्ये का गेली?

कोलशेतहून आम्ही काही मित्र शिष्यवृत्तीच्या तारखा मुलामुलींना मेलने कळवतो. यंदा एका मुलीची मुदत हुकली. आमची मेल तिच्या स्पॅममध्ये पडून होती.

"आपलं नाव बघूनच अडवली असणार," आमच्यातला एक जण म्हणाला. क्षणभर मलाही तेच वाटलं. भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन ठेवलेले आम्ही अनुभवलेत, मग दुसरं काय सुचणार?

पण मेलचं हेडर उघडलं तर एसपीएफ नापास आणि डीकेआयएमची सहीच नाही. आम्ही सर्व्हर बदलला होता. नव्या सर्व्हरला आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे, ही नोंद डोमेनमध्ये करायची राहिली. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याला यातलं किमान एक सक्तीचं केलंय. दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क. दुरुस्तीला अर्धा तास लागला. खर्च शून्य.

भेदभावाविरुद्ध आपण बोललंच पाहिजे, पण आधी हेडर वाचून. नाहीतर खऱ्या तक्रारीलाही कुणी कान देणार नाही. अर्थात फिल्टरवाल्यांनाही मोकळं सोडू नये: मेल का अडवली, हे विचारायला तिथे माणूसच भेटत नाही.

जीमेल स्पॅममधल्या मेल ३० दिवसांनी पुसतं. तुमचं फोल्डर आजच बघा. त्या मुलीला मी स्वतः फोन केला, चूक आमची होती हे सांगायला. आता तारखा मेलनेही जातात आणि फोननेही.