भूगर्भाचे दप्तर कोणाच्या हाती?

आमच्या पालघर जिल्ह्यात जमिनीला भोके पाडण्याचे काम गेली साठ वर्षे थोड्याफार फरकाने चालूच आहे. तारापूर येथे अणुवीजकेंद्र उभे राहिले व १९६९ साली त्याची वीज सुरू झाली. बोईसरास औद्योगिक वसाहत वसली. लोहमार्गाच्या बाजूने मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आला. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे खांब उभे राहू लागले. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या कामांचे बरेवाईट काय, हा वाद निराळा व मोठा आहे. त्यात आज शिरावयाचे नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, यांपैकी कोणतेही काम खडकाची परीक्षा केल्यावाचून होत नाही. ठराविक अंतरावर भोक पाडावे, खालचा खडक कांड्यांच्या रूपाने वर काढावा, कोणत्या फुटावर मुरूम, कोणत्या फुटावर कातळ, पाणी कोठे लागले, हे सर्व तक्त्यावर लिहावे आणि मगच पाया घालावा, अशी रीत आहे. तक्ता लिहिला जातो, काम उरकते, आणि तक्ता दप्तरात बांधला जातो. ज्या शेताच्या बांधावर ते भोक पाडले, त्या शेताचा धनी पुढील वर्षी कर्ज काढून बोअर पाडतो व तो कोरडा निघतो. असा तक्ता अस्तित्वात आहे, हेच त्यास ठाऊक नसते.

हे दप्तर शेतकऱ्यांस खुले झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची गरज किती आहे हे समजण्यासाठी आपल्या पायाखालच्या खडकाचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे.

हा खडक लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून वर येऊन थरावर थर पसरला. प्रत्येक थराचा वरचा भाग निवताना फुगे धरून सच्छिद्र झाला व पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजे भरली. तो आपला मांजऱ्या. पोटातील घट्ट भाग तो काळा पाषाण. दोन थरांच्या सांध्यात कोठे कोठे भाजलेल्या विटेसारखी तांबडी पट्टी आढळते. देशावर हे थर बहुतेक आडवे आहेत. कोकणपट्टीत मात्र ते समुद्राकडे कललेले असून उभ्या दगडी भिंतींनी ठिकठिकाणी चिरलेले आहेत. अशी भिंत कधी पाण्यास धरणासारखी अडविते, तर कधी तिच्या कडेच्या भेगांतून पाणी धाव घेते. यामुळेच बांधाच्या अलीकडे बारमाही विहीर आणि पलीकडे दोनशे फूट कोरडा दगड, असा प्रकार दृष्टीस पडतो. त्यात ग्रहांचा कोप नाही आणि शेजाऱ्याचे कपटही नाही.

दुसरा स्वभाव असा की, हा खडक पाणी फार थोडे साठवितो. सरकारी भूजलाच्या हिशेबात झिजलेल्या बसाल्टाची पाणी देण्याची शक्ती सामान्यतः शेकडा दोन धरतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्राखालची पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर हाती येणारे पाणी ८१ घनमीटर, म्हणजे ८१,००० लिटर. ताशी २०,००० लिटर उपसणारा पंप ते चार तासांत संपवील. जव्हार-मोखाड्याकडे शंभर इंचांवर पाऊस पडूनही वैशाखात बायाबापड्यांस पाण्यासाठी कोस तुडवावा लागतो, याचे कोडे या हिशेबाने बरेचसे उलगडते. मेघ कृपण नाहीत. खालचे भांडेच उथळ आहे. म्हणून ते भांडे कोठे खोलगट आहे हे अचूक शोधणे, हाच आमच्या भागातील पाण्याचा खरा प्रश्न होय.

हा शोध आजही पुष्कळ ठिकाणी पाणाड्याच्या हाती आहे. तळहातावर नारळ उभा राहिला किंवा डहाळी वाकली की जागा ठरली! याबद्दल शेतकऱ्यांस हसण्याचे कारण नाही. हिंदुस्थान सरकारनेच १९२५ ते १९३० या काळात मेजर पॉगसन नामक गृहस्थांस सरकारी पाणाड्या म्हणून ठेविले होते. पाणाड्याचे यश दिसते त्याचे कारण असे की, आपल्याकडे पावसाळ्यानंतर उथळ विहिरीस बहुतेक जागी थोडेबहुत पाणी लागतेच. खरी परीक्षा बोअर दीडशे फुटांखाली गेला आणि महिना चैत्राचा असला म्हणजे होते; आणि त्या परीक्षेत नापास झालेल्या पाणाड्याचे नाव कोणी सांगत नाही.

यंत्राची रीत निराळी आहे. चार लोखंडी मेखा एका रेषेत ठोकावयाच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची, व आतल्या दोहोंमध्ये विजेचा दाब किती हे मोजावयाचे. मेखांतील अंतर वाढवीत गेले की प्रवाह अधिकाधिक खोल जातो. घट्ट कातळ विजेस फार अडथळा करतो, ओला मुरूम थोडा करतो. त्या फरकावरून कोणत्या खोलीवर काय असावे याचा अंदाज बांधतात. फ्रान्समध्ये श्लूंबर्झे यांनी व अमेरिकेत वेनर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही पद्धत रूढ केली. परंतु यंत्रासही मर्यादा आहेत, आणि त्या विकणारा सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. खारे पाणी व चिकण माती यांतूनही वीज सहज जाते. तेव्हा चिंचणी, डहाणू, केळवे-माहीम अशा किनाऱ्याच्या वाड्यांत यंत्राने ‘पाणी आहे’ असा कौल दिला, तरी ते चिकूस चालेल की मीठागरास, हे एकट्या यंत्रावरून कळत नाही. जवळच्या एखाद्या बोअराचा खरा तक्ता हाताशी असेल, तरच यंत्राच्या आकड्याचा अर्थ लागतो. तक्त्यावाचून यंत्र म्हणजे मापावाचून तराजू.

किनाऱ्यावर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने ते त्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी मिळावे, असा नियम गायबेन व हर्झबर्ग या दोघांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिला. वाळूत तो बराच बरोबर उतरतो, भेगाळ कातळात तितका नाही. पण त्याचा इशारा स्पष्ट आहे. वरची पातळी उपशाने एक फूट घटली की खालचे खारे पाणी चाळीस फूट चढू पाहते. घोलवड-डहाणूच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण एका वाडीने खोल बोअर पाडून खारे पाणी वर ओढले, तर त्याचे फळ शेजारच्या चार वाड्यांस भोगावे लागेल, आणि त्यावर कोणत्याही मानांकनाचा इलाज चालणार नाही.

बोईसरकडे दुखणे वेगळे आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दलची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांस नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. पण भरपाईने खडकातील पाणी धुऊन निघत नाही. दूषित पाणी कोणत्या भेगेने, कोणत्या दिशेने, किती वेगाने चालले आहे, हे थरांचा नकाशा असल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही. विहिरीस वास येऊ लागल्यावर नमुना तपासणे म्हणजे चोर गेल्यावर कवाड लावणे होय.

आता या खडकातील उष्णतेविषयी. तानसेकाठची वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली येथील कुंडे सर्वांच्या परिचयाची आहेत. ती आज ठाणे जिल्ह्यात मोडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यातही सातिवली, कोकनेर, हालोली येथे उन्हाळी आहेत. ही रांग पुढे रायगड-रत्नागिरीतून राजापुरापर्यंत जाते. येथे खाली ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचे पाणी भेगांनी खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. सरकारी भूविज्ञान खात्याने ओल्डम यांची देशातील उष्ण झऱ्यांची यादी १८८२ साली छापली. याच खात्याने १९९१ साली भूऔष्णिक क्षेत्रांचा नकाशासंग्रहही काढला. यादी होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या पाण्याचा उपयोग स्नानापलीकडे गेला नाही. वीज करण्यास पुरेशी उष्णता येथे मिळेल की नाही, हे खोल बोअरावाचून ठरणार नाही, आणि आम्ही तशी आशा कोणास लावीत नाही. लडाखातील पुगा खोऱ्यात या शक्तीचा पहिला प्रयोग करण्याचा करार २०२१ साली झाला; तेथील पाणी आपल्याहून पुष्कळ अधिक तापलेले आहे. परंतु पन्नास अंशांच्या पाण्याने मिरची, चिकूच्या फोडी किंवा मासळी वाळविता येईल. आइसलँडात १९२४ सालापासून असल्या उष्णतेवर काचघरांत भाजीपाला होतो. पावसाळ्यात वाळवणाची जी नासाडी होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस याचे मोल निराळे सांगणे नलगे.

याच भेगा भीतीसही कारण झाल्या आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. शेकडो धक्के बसले. काही ४ परिमाणाच्या घरातील होते. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत निजले, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी धावपळीत एका लहान मुलीचा जीव गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे मापनयंत्रे मांडली, व पावसाचे पाणी खोल झिरपून भेगांतील दाब वाढवीत असावे, असा तर्क संशोधकांनी पुढे मांडला. कोयनेस ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर असाच विचार धरणाच्या पाण्याविषयी झाला, आणि अखेर तेथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल बोअर घेण्यात आला. सुमारे सव्वा किलोमीटरवर लाव्हा संपून जुना ग्रॅनाइटी खडक लागला. हे संशोधन उत्तम आहे. आमची तक्रार इतकीच की, ज्या वारल्याच्या कुडाच्या घराखाली ही यंत्रे धक्के मोजतात, त्यास त्याच्या भाषेत दोन पानांचे पत्रकही क्वचितच मिळते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ नंतर देशभर भूजलधारक थरांचे नकाशे करण्याचे काम हाती घेतले. त्याचे अहवाल निघतात तेही इंग्रजीत.

नोंद जपल्याने काय साधते हे पाहावयाचे तर पश्चिमेकडे समुद्रात पाहावे. तळाखालच्या थरांतून परतणाऱ्या लाटांचे मोजमाप आधी झाले, म्हणूनच १९७४ साली मुंबई हाय येथे चुनखडीच्या थरांत तेल सापडले व १९७६ साली ते वर येऊ लागले. तेल शोधणारा कोरड्या भोकाचीही नोंद सोन्यासारखी जपतो. कारण ‘येथे नाही’ हे कळणे म्हणजे पुढचा खर्च वाचणे. आमच्याकडे कोरडा बोअर म्हणजे घराण्याची लाज. तो दगडाने बुजवून त्यावर कोणी बोलत नाही.

इंग्लंडात १९४५ च्या पाणी कायद्याने पन्नास फुटांहून खोल विहीर किंवा बोअर पाडणाऱ्याने त्याचा तक्ता सरकारात पाठविणे सक्तीचे केले. आज तेथील भूविज्ञान खात्याकडे दहा लाखांहून अधिक तक्ते जमले असून बहुतेक कोणासही पाहता येतात. आमच्याकडेही २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात बोअरच्या यंत्रांची नोंदणी करण्याची तरतूद आहे व शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहीर न घेण्याचा निर्बंध आहे. निर्बंध तेवढा शेतकऱ्याच्या कानी येतो, नोंदीचा लाभ मात्र येत नाही. हा व्यवहार एकतर्फी आहे. अणुवीजकेंद्राच्या आवारातील तक्ते गुप्त ठेवावेत, त्यास हरकत नाही. पण रस्ता, लोहमार्ग, बंदर व कारखाने यांच्या कामी सार्वजनिक पैशाने वा सार्वजनिक परवानगीने पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या तक्त्याची मराठी नक्कल तालुक्याच्या कचेरीत व राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे ठेवण्याची अट परवान्यातच घालावी. तिला खर्च जवळपास नाही. भूसंपादनाच्या भीतीने काही सभासद म्हणतील की, आपल्या जमिनीखाली काय आहे हे लोकांस कळू नये हेच बरे. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्यांस ती जमीन घ्यावयाची आहे त्यांस ते केव्हाच कळलेले आहे. अंधारात आहोत ते आपणच.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या बोअराची नोंद ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. यंत्रवाला फुटावर पैसे घेतो व रातोरात निघून जातो. त्यामुळे काम चालू असता घरचा एक लिहिता माणूस तेथे उभा राहिला पाहिजे. दर दहा फुटांस बाहेर पडणारी भुकटी मूठभर घेऊन पुडीत बांधावी व पुडीवर खोली लिहावी. रंग काळा की तांबडा, पांढरे खडे आहेत की नाहीत, कोणत्या फुटास ओल लागली, पाणी किती जोराने आले, केसिंग पाइप किती फूट घातला, हे सर्व त्याच दिवशी वहीत उतरवावे. किनाऱ्याच्या सभासदांनी पाण्याची चवही लिहावी, आणि वैशाखात ती पुन्हा पाहावी. विहिरीची पातळी दोरी सोडून महिन्यातून एकदा, ठरल्या तिथीस व पंप लावण्यापूर्वी मोजावी. सरकारी यंत्रणा निवडक विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. एका गावात दहा शेतकऱ्यांनी बारा वेळा मोजल्या, तर त्या गावाची माहिती सरकारी माहितीहून दाट होईल. कोरड्या बोअराच्या नोंदी अवश्य पाठवाव्यात. नावे न छापता गाव व खोली एवढेच आम्ही छापू, आणि त्यासाठी पुढील अंकापासून एक पान राखून ठेवीत आहोत.